हृदयविकाराचा झटका : पूर्वसूचना ओळखा, पहिला तास वाया घालवू नका

रात्रीच्या जेवणानंतर किंवा पहाटे अंथरुणात असताना छातीत दाटून आले, दरदरून घाम फुटला, तर आपल्याकडील बहुतेक घरांत पहिला तर्क ठरलेला असतो. गॅस झाला असेल, पित्त वाढले असेल. मग ओवा, लिंबू-सोडा, पित्ताची गोळी, छातीला बाम असे एकेक उपाय सुरू होतात. थोडा आराम वाटला की ‘सकाळी डॉक्टरांकडे जाऊ’ असे ठरते. पुष्कळदा हा तर्क खराही असतो, कारण छातीतील प्रत्येक दुखणे हृदयाचे नसते. परंतु ज्या वेळी तो खोटा ठरतो, त्या वेळी घरात गेलेल्या दोन-तीन तासांची भरपाई कितीही मोठे रुग्णालय करू शकत नाही.

हृदयविकाराच्या झटक्यावर आज प्रभावी उपचार उपलब्ध आहेत. गुठळी विरघळविणारी इंजेक्शने आहेत, बंद पडलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडण्याची सोय आहे. मात्र या साऱ्या उपचारांचे यश घड्याळाशी बांधलेले आहे. म्हणूनच झटक्याची लक्षणे ओळखणे आणि रुग्ण डॉक्टरांच्या हाती जाईपर्यंत योग्य तो प्रथमोपचार करणे हे घरातील प्रत्येक जाणत्या माणसाला यायला हवे.

झटका येतो म्हणजे काय होते?

हृदय हा मुठीएवढ्या आकाराचा स्नायूंचा पंप आहे. दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावून तो सर्व शरीराला रक्त पुरवितो. या पंपाच्या स्वतःच्या स्नायूंनाही प्राणवायू लागतो आणि तो करोनरी रोहिणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रक्तवाहिन्यांमधून मिळतो. वयाबरोबर, तसेच धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब आदी कारणांनी या रोहिण्यांच्या आतील अस्तराखाली कोलेस्टेरॉलयुक्त चरबीचे थर साचू लागतात. ही क्रिया वर्षानुवर्षे चालते आणि बराच काळ तिची काहीही जाणीव होत नाही.

एखाद्या दिवशी अशा थरावरील पातळ पापुद्रा फाटतो. शरीर त्या जागेला जखम समजते आणि तेथे रक्ताची गुठळी तयार होते. या गुठळीने रोहिणी बंद झाली की तिच्या पुढील भागातील हृदयस्नायूंचा रक्तपुरवठा थांबतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या थरामुळे झटका येतो तो आधी फार मोठा असेलच असे नाही. त्यामुळे महिन्यापूर्वीच्या तपासणीत ‘सर्व ठीक’ निघालेल्या व्यक्तीलाही झटका येऊ शकतो. जुना अहवाल हाताशी आहे म्हणून आजच्या वेदनेकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही.

रक्तपुरवठा पूर्ण थांबल्यानंतर साधारण वीस ते तीस मिनिटांत स्नायूंच्या पेशी मरू लागतात. ही हानी आतील थरातून बाहेरच्या थराकडे पसरत जाते आणि सहा तासांत तिचा मोठा भाग पूर्ण होतो. मेलेला हृदयस्नायू पुन्हा निर्माण होत नाही. त्या जागी व्रण तयार होतो आणि तो आकुंचन पावू शकत नाही. झटक्यातून वाचलेला एक रुग्ण काही आठवड्यांत कामावर रुजू होतो आणि दुसऱ्याला जिन्याच्या चार पायऱ्या चढताना धाप लागते. या दोघांतील फरक पुष्कळदा पहिल्या काही तासांत ठरलेला असतो.

झटका आणि हृदयक्रिया बंद पडणे

बोलण्यात हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, पण प्रथमोपचाराच्या दृष्टीने त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. झटक्यात रक्तवाहिनी बंद पडते, पण हृदय चालू असते. रुग्ण शुद्धीवर असतो, बोलतो, वेदना सांगतो. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा हृदयाचे ठोके निरुपयोगी होतात किंवा थांबतात आणि रुग्ण काही सेकंदांत बेशुद्ध होऊन कोसळतो. झटक्याच्या पहिल्या तासात हृदयाच्या विद्युत्-लयीत बिघाड होऊन खालचे कप्पे नुसते थरथरू लागण्याचा धोका सर्वाधिक असतो. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी होणारे मृत्यू बहुधा यामुळेच होतात. म्हणून शुद्धीवर असलेल्या रुग्णाची काळजी कशी घ्यावी आणि तो कोसळल्यास काय करावे, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या शिकाव्या लागतात.

नेहमीची लक्षणे

झटक्याची वेदना चित्रपटांत दाखवितात तशी एकाएकी छाती धरून कोसळविणारी असतेच असे नाही. अनेकदा ती हळूहळू वाढते. पुढील लक्षणांकडे विशेष लक्ष द्यावे.

• छातीच्या मध्यभागी दडपण, आवळल्यासारखे वाटणे, जडपणा किंवा जळजळ. ‘छातीवर कोणी दगड ठेवला आहे’ किंवा ‘पट्ट्याने छाती आवळली आहे’ असे वर्णन रुग्ण करतात. पुष्कळ रुग्ण ‘दुखते’ हा शब्द वापरतच नाहीत, ‘कसेतरी होते’ एवढेच म्हणतात.

• ही अस्वस्थता डाव्या किंवा दोन्ही हातांत, खांद्यात, मानेत, खालच्या जबड्यात, पाठीत अथवा बेंबीच्या वरच्या भागात पसरणे.

• थंड घाम येणे, चेहरा फिकट पडणे.

• धाप लागणे, मळमळ, उलटी, चक्कर किंवा अतिशय गळून गेल्यासारखे वाटणे.

• काहीतरी भयंकर होणार आहे अशी विलक्षण भीती वाटणे.

ही वेदना विश्रांती घेऊनही थांबत नाही आणि बहुधा पंधरा-वीस मिनिटांहून अधिक काळ टिकते. ती मध्येच कमी होऊन पुन्हा वाढूही शकते, म्हणून मधल्या आरामाने फसून जाऊ नये.

आधी मिळणारी सूचना

काही रुग्णांना झटक्याच्या आधी काही दिवस वा आठवडे सूचना मिळालेली असते. भरभर चालताना, चढावर, जिना चढताना किंवा पोटभर जेवून चालताना छातीत दाटते आणि थांबले की पाच-दहा मिनिटांत बरे वाटते. याला अंजायना म्हणतात. हृदयाला वाढीव कामासाठी पुरेसे रक्त मिळत नाही, असा त्याचा अर्थ. अशी वेदना प्रथमच सुरू झाली असेल, पूर्वीपेक्षा कमी श्रमांत येत असेल, वारंवार येत असेल किंवा बसल्या जागी येऊ लागली असेल, तर ती तातडीची बाब समजावी. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ज्यांना ही सूचना मिळते आणि जे ती मानतात, त्यांचा झटका टाळताही येतो.

वेगळ्या रूपात येणारा झटका

स्त्रिया, मधुमेही आणि वयोवृद्ध यांच्यात झटका पुष्कळदा आडवळणाने येतो. दीर्घकालीन मधुमेहात संवेदना वाहून नेणाऱ्या नसा दुबळ्या होतात, त्यामुळे छातीत दुखण्याऐवजी केवळ धाप लागणे, घाम येणे किंवा एकदम अशक्तपणा वाटणे एवढेच लक्षण दिसते. वृद्धांमध्ये अचानक गोंधळल्यासारखे वागणे किंवा भोवळ येणे हेही झटक्याचे रूप असू शकते. स्त्रियांमध्येही छातीतील दडपण हेच सर्वांत आढळणारे लक्षण आहे. मात्र त्याच्या जोडीला मळमळ, जबडा वा पाठ दुखणे, धाप आणि न संपणारा थकवा ही लक्षणे अधिक प्रमाणात दिसतात.

येथे वैद्यकीय कारणाइतकेच सामाजिक कारणही आहे. घरातील स्त्रीचा थकवा कामाच्या दगदगीवर, घाम रजोनिवृत्तीवर आणि मळमळ उपासावर ढकलली जाते. तीही ‘एवढे आवरून मग बघू’ म्हणत उभी राहते. पन्नाशीच्या पुढील स्त्रीला, विशेषतः तिला मधुमेह वा रक्तदाब असेल तर, विनाकारण घाम आणि धाप यांचा त्रास होत असल्यास हृदयाचा विचार प्रथम करावा.

गॅस की हृदय?

हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो, म्हणून त्याचे सरळ उत्तर द्यायला हवे. घरी बसून याचा निश्चित निर्णय करता येत नाही. हृदयाच्या खालच्या बाजूचा भाग पोटाच्या पडद्याला टेकून असतो. त्या भागातील झटक्यात पोटात दुखणे, उलट्या, ढेकर अशीच लक्षणे दिसतात. ढेकर आल्यावर किंवा पित्ताचे औषध घेतल्यावर बरे वाटले, म्हणजे दुखणे हृदयाचे नव्हतेच, असा निष्कर्षही काढता येत नाही.

काही खुणा दुखणे हृदयाचे नसण्याकडे झुकतात. वेदना एका बोटाने दाखविता येईल इतक्या लहान जागी असणे, सुईसारखी टोचून क्षणात नाहीशी होणे, दीर्घ श्वास घेतल्यावर किंवा जागेवर दाबल्यावर वाढणे या त्या खुणा होत. पण या खुणांचा उपयोग डॉक्टरांनी करावयाचा आहे. घरच्यांसाठी नियम एकच सांगता येईल. चाळिशीच्या पुढील व्यक्तीला, किंवा धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब असलेल्या त्याहून तरुण व्यक्तीलाही, छातीत वा पोटाच्या वरच्या भागात दडपण आले आणि त्याबरोबर घाम, धाप किंवा हात-जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर तो झटकाच समजून हालचाल करावी. ई.सी.जी. काढून तो गॅस निघाला तर एक फेरी वाया गेली, इतकेच नुकसान होते.

उशीर नेमका कोठे होतो?

भारतातील ५० शहरांमधल्या ८९ रुग्णालयांत दाखल झालेल्या २० हजारांहून अधिक हृदयरुग्णांची पाहणी २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला निम्म्या रुग्णांना पाच-सहा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागला होता. रुग्णालयात आल्यावर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन मिळेपर्यंतचा वेळ मात्र साधारण ५० मिनिटांचा होता. रुग्णवाहिकेने आलेले रुग्ण फारच थोडे होते. रुग्णालयांनी आपला वेळ आणखी कमी करावयाचा आहे यात शंका नाही. परंतु या आकड्यांवरून उशिराचा मोठा भाग रुग्णालयाच्या दाराबाहेर होतो, हे उघड दिसते.

वाटेतील अंतर आणि वाहनांची कोंडी हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण घरातच असते. रुग्णाला आपल्याला काही झाले आहे हे मान्य नसते. मध्यरात्री शेजाऱ्यांना कशाला उठवायचे, मुलाला परगावाहून कशाला बोलावायचे, खर्च किती येईल, असे विचार निर्णय लांबवितात. म्हणून अशा प्रसंगी निर्णय रुग्णावर सोपवू नये. ‘मला काही झालेले नाही’ हे त्याचे वाक्य ऐकून घ्यावे आणि फोन लावावा.

रुग्ण शुद्धीवर असताना प्रथमोपचार

१. रुग्णाला असेल तेथे थांबवावे. चालणे, जिने उतरणे, कपडे बदलणे, स्वच्छतागृहात जाणे टाळावे. प्रत्येक हालचालीने हृदयाचे काम वाढते.

२. त्याला पाठीला आधार देऊन, गुडघे किंचित दुमडून अर्धवट बसते करावे. धाप लागत असताना सपाट झोपविल्यास त्रास वाढतो. चक्कर येत असेल किंवा अंग गार पडून नाडी मंद लागत असेल, तर मात्र आडवे करावे.

३. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, गोव्यातही हाच क्रमांक चालतो. ११२ या राष्ट्रीय आपत्कालीन क्रमांकावरूनही मदत मिळते. ‘छातीत दुखते आहे, झटक्याची शंका आहे’ असे स्पष्ट सांगावे. रुग्णाचे वय, पत्ता आणि जवळची ठळक खूण द्यावी. समोरच्या व्यक्तीने सांगेपर्यंत फोन ठेवू नये.

४. गळ्याजवळची बटणे, पट्टा, घट्ट कपडे सैल करावेत. खिडक्या उघडाव्यात, भोवतालची गर्दी हटवावी.

५. ॲस्पिरिन चालत असेल तर द्यावी. तिचा तपशील पुढे दिला आहे.

६. एकाने रुग्णाजवळच बसून राहावे आणि शांतपणे बोलत राहावे. दुसऱ्याने रुग्ण घेत असलेली औषधे, जुने ई.सी.जी. व अहवाल एका पिशवीत भरावेत. तिसऱ्याने फाटकापाशी उभे राहून रुग्णवाहिकेला वाट दाखवावी आणि लिफ्ट असल्यास ती अडवून ठेवावी.

७. लिफ्ट नसलेल्या इमारतीत रुग्णाला चालवत खाली आणू नये. भक्कम खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणावे.

रुग्णवाहिकेला खूप वेळ लागणार असे कळले तर उपलब्ध मोटारीने वा रिक्षाने न्यावे. सोबत दोघे असावेत. रुग्णाने स्वतः वाहन चालविणे किंवा त्याला दुचाकीवर मागे बसविणे सर्वथा टाळावे, कारण वाटेत शुद्ध हरपल्यास दोघांच्याही जिवावर बेतते.

ॲस्पिरिन : स्वस्त आणि मोलाची

रक्तातील बिंबिका एकमेकींना चिकटून गुठळी वाढते. ॲस्पिरिन त्यांना चिकटू देत नाही. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या चाचणीत झटक्याची शंका असलेले १७ हजारांहून अधिक रुग्ण होते. केवळ ॲस्पिरिन दिलेल्या गटातील मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी, तर ॲस्पिरिनबरोबर गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज दिलेल्या गटातील मृत्यू सुमारे ४२ टक्क्यांनी घटले. काही पैशांच्या गोळीचा हा परिणाम आहे.

प्रौढ रुग्णाला साधारण ३०० ते ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन द्यावी. घरात ७५ मिलिग्रॅमच्या गोळ्या असतील तर चार गोळ्या द्याव्यात. गोळी चावून खायला सांगावी म्हणजे ती लवकर रक्तात मिसळते. पाण्यात विरघळणारी ३५० मिलिग्रॅमची गोळी असेल तर ती थोड्या पाण्यात विरघळवून दिली तरी चालते. पॅरासिटामॉल किंवा इतर वेदनाशामक गोळ्यांनी हे काम होत नाही.

ॲस्पिरिनची ॲलर्जी असल्यास, तिच्यामुळे पूर्वी दमा उसळला असल्यास, पोटातील व्रणातून वा अन्यत्र रक्तस्राव होत असल्यास ती देऊ नये. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे, बोबडी वळणे अशी पक्षाघाताची लक्षणे असतील किंवा पाठीत फाटल्यासारखी असह्य कळ येत असेल, तरीही देऊ नये. रक्त पातळ करणारी इतर औषधे चालू असल्यास फोनवर विचारून घ्यावे. ॲस्पिरिन शोधण्यासाठी किंवा आणण्यासाठी फोन मात्र लांबवू नये. आधी रुग्णवाहिका, मग गोळी.

जिभेखालची गोळी सर्वांसाठी नाही

सॉर्बिट्रेट या नावाने घरोघरी माहीत असलेली जिभेखाली ठेवण्याची गोळी अंजायनाच्या रुग्णांना दिली जाते. शेजाऱ्याची ही गोळी सर्रास दुसऱ्याला देण्याची पद्धत धोक्याची आहे. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते आणि रक्तदाब खाली आणते. काही प्रकारच्या झटक्यांत रक्तदाब आधीच घसरलेला असतो, त्यात ही गोळी दिल्यास रुग्ण कोसळू शकतो. लैंगिक दुर्बलतेवरील सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या गेल्या एक-दोन दिवसांत घेतल्या असतील तरीही ती घातक ठरते. ज्याला डॉक्टरांनी ती आधीच लिहून दिली आहे, त्यानेच, बसून, सांगितलेल्या मात्रेत घ्यावी. एका गोळीनंतर पाच मिनिटांत आराम पडला नाही तर रुग्णवाहिका बोलवावी.

रुग्ण कोसळला तर

रुग्ण एकाएकी बेशुद्ध झाला, हाक मारून आणि खांदे हलवून प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर हृदयक्रिया बंद पडली असे समजावे. अशा वेळी काही रुग्ण अधूनमधून आचके दिल्यासारखा, घरघर करत श्वास घेतात. तो खरा श्वास नव्हे. त्याने फसून थांबू नये. नाडी शोधण्यातही वेळ घालवू नये. अशा अवस्थेत काहीच मदत न मिळाल्यास दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते.

छातीवर दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कोवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केली. तिला कोणतेही उपकरण लागत नाही, दोन हात पुरतात. कृती अशी :

• रुग्णाला गादीवरून खाली, कठीण जमिनीवर पाठीवर झोपवावे. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. एकटे असाल तर फोनचा स्पीकर चालू ठेवून काम सुरू करावे.

• त्याच्या छातीशेजारी गुडघे टेकून बसावे. एका हाताच्या तळव्याचा मनगटाकडील भाग छातीच्या मध्यभागी, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवावा. दुसरा हात त्यावर ठेवून बोटे गुंफावीत.

• कोपरे ताठ ठेवून, आपल्या शरीराचा भार खांद्यांतून देत छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली दाबावी आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्यावी.

• दाब मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन, असे द्यावेत.

• दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. दमलेल्या हातांचा दाब उथळ होतो. बदलताना खंड पडू देऊ नये.

• प्रशिक्षण घेतलेल्यांनी ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्यावेत. इतरांनी केवळ दाब देत राहिले तरी चालते.

काही विमानतळांवर, मॉलमध्ये आणि कार्यालयांत विजेचा झटका देऊन हृदयाची लय पूर्ववत करणारे स्वयंचलित यंत्र ठेवलेले असते. ते ताबडतोब मागवावे, चालू करावे आणि यंत्र बोलून देईल त्या सूचना पाळाव्यात. गरज नसताना ते झटका देत नाही.

दाब देताना बरगडी मोडेल, या भीतीने अनेकजण मागे सरतात. बरगडीला तडा जाऊ शकतो हे खरे, पण तो भरून येतो. रुग्ण हालचाल करू लागेपर्यंत, नीट श्वास घेऊ लागेपर्यंत किंवा वैद्यकीय मदत येईपर्यंत दाब चालू ठेवावेत. शुद्धीवर असलेल्या, श्वास घेणाऱ्या माणसाला मात्र असा दाब देऊ नये.

हे करू नये

‘एकटे असताना झटका आला तर जोरजोरात खोकत राहा’ असा संदेश गेली अनेक वर्षे फिरतो आहे. रुग्णालयात यंत्राला जोडलेल्या काही रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावयास सांगितलेल्या गोष्टीचा तो विपर्यास आहे. घरी खोकण्यात वेळ घालविल्याने केवळ फोन लांबतो. एकटे असाल तर आधी फोन लावावा, दाराची कडी काढून ठेवावी, ॲस्पिरिन चावावी आणि दारापाशी बसून राहावे.

रुग्णाला चहा, सोडा वा जेवण देऊ नये. पोट किंवा छाती चोळत बसू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी वा गोळी घालू नये. नातेवाइकांची वाट पाहत थांबू नये.

कोणत्या रुग्णालयात न्यावे?

जेथे दिवसरात्र ई.सी.जी. काढला जातो आणि अतिदक्षता विभाग आहे, अशा जवळच्या रुग्णालयात न्यावे. रोहिणी पूर्ण बंद झाल्याचे ई.सी.जी.त दिसल्यास ती दोन मार्गांनी उघडता येते. निदानापासून दोन तासांच्या आत होऊ शकत असेल, तर फुग्याने रोहिणी उघडणारी अँजिओप्लास्टी हा अधिक चांगला मार्ग. ते शक्य नसेल तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन शक्य तितक्या लवकर आणि झटक्यापासून १२ तासांच्या आत द्यावयाचे असते. म्हणून खेड्यातील रुग्णाला थेट दूरच्या शहरात नेण्यापूर्वी तालुक्याच्या ठिकाणी ई.सी.जी. काढून इंजेक्शन मिळते का, हे विचारावे. गोव्यात २०१८-१९ पासून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाशी छोटी आरोग्यकेंद्रे जोडली गेली. तेथे काढलेला ई.सी.जी. तज्ज्ञांकडे पाठविला जातो आणि इंजेक्शन जागीच दिले जाते. हा मार्ग अंतरावर मात करणारा आहे.

पहिला ई.सी.जी. सामान्य आला म्हणजे धोका टळला असे नाही. लक्षणे चालू असल्यास तो पुन्हा काढावा लागतो आणि रक्तातील ट्रोपोनिनची तपासणी काही तासांच्या अंतराने करावी लागते. डॉक्टर थांबा म्हणत असतील तर घरी जाण्याची घाई करू नये. खर्चाच्या धास्तीने उशीर करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयविकारावरील उपचारांचा समावेश आहे. शिधापत्रिका आणि ओळखपत्र सोबत घ्यावे, पण कागद शोधत थांबू नये.

अधिक सावध कोणी राहावे?

धूम्रपान करणारे, मधुमेही, उच्च रक्तदाब व वाढलेले कोलेस्टेरॉल असलेले, पोट सुटलेले, बैठे काम करणारे आणि ज्यांच्या वडिलांना वा भावाला पंचावन्नच्या आत अथवा आईला वा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला, त्यांना धोका अधिक असतो. ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतील अभ्यासाच्या आधारे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांतील लोकांना साधारण ५९ व्या वर्षी. ‘एवढ्या तरुण वयात हृदयविकार कसा असेल?’ हा प्रश्न आपल्याकडे गैरलागू आहे.

आजच करून ठेवण्याजोगे

प्रसंग आल्यावर विचार सुचत नाही, म्हणून काही गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात. १०८ आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत दाराजवळ लावावा. ॲस्पिरिनच्या गोळ्यांची पट्टी ठरलेल्या जागी ठेवावी आणि तिची मुदत अधूनमधून पाहावी. घरातील ज्येष्ठांना ॲस्पिरिन चालते की नाही, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून ठेवावे. त्यांचा नेहमीचा ई.सी.जी. एका फाइलमध्ये ठेवावा, नव्या ई.सी.जी.शी तुलना करताना तो उपयोगी पडतो. जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्रीही अँजिओप्लास्टी होते किंवा गुठळीचे इंजेक्शन मिळते, याची चौकशी करावी. गृहनिर्माण संस्था, गणेश मंडळे, शाळा आणि कार्यालये यांनी छातीवर दाब देण्याचे प्रशिक्षण आयोजित करावे. ते काही तासांत शिकता येते.

आणि घरातील सर्वांनी मिळून एक गोष्ट पक्की ठरवावी. छातीत दडपण आणि घाम एकत्र आले, तर ‘गॅस असेल’ यावर चर्चा न करता, रुग्ण नको म्हणत असला तरी, पहिल्या पाच मिनिटांत फोन लावायचा.